बड्या माध्यमकंपनीची देशोदेशीची मालकी कशी तपासावी : डिस्नेचे उदाहरण

‘स्टार प्रवाह’ ही मराठी वाहिनी नोव्हेंबर 2008 मध्ये सुरू झाली, तेव्हा ती रूपर्ट मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनच्या छत्राखाली होती. जून 2013 मध्ये त्या समूहाची विभागणी झाली आणि स्टार इंडिया ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी फॉक्सच्या वाट्याला गेली. मार्च 2019 मध्ये फॉक्सचा मोठा भाग डिस्नेने सुमारे 71 अब्ज डॉलरना विकत घेतला, त्यासोबत स्टारही डिस्नेकडे आली. नोव्हेंबर 2024 मध्ये स्टार आणि रिलायन्सच्या ताब्यातली माध्यमकंपनी व्हायाकॉम18 यांचे विलीनीकरण होऊन नियंत्रण रिलायन्सकडे गेले. सोळा वर्षांत धनी चार झाले, पण संध्याकाळी मालिका लावून बसणाऱ्या घरांत याची फारशी चर्चा झाली असेल असे वाटत नाही. ज्यांना याची खबर असायला हवी, म्हणजे पत्रकार, माध्यमांचे अभ्यासक, विद्यार्थी आणि परदेशी समभागांत पैसे घालणारे गुंतवणूकदार, तेही बहुतेक वेळा एखादी तयार यादी उतरवून घेतात आणि ती यादी कधीची आहे हे पाहत नाहीत.

वास्तविक लागणारी बहुतेक कागदपत्रे सार्वजनिक आहेत आणि त्यांतली बरीचशी फुकट मिळतात. ती कोठे मिळतात, कोणत्या क्रमाने वाचावीत आणि त्यांतल्या आकड्यांचा अर्थ कसा लावावा, हे येथे डिस्नेचे उदाहरण घेऊन मांडले आहे. हीच रीत अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदलेल्या कोणत्याही माध्यमसमूहाला लागू पडते.

‘मालक कोण’ हा प्रश्न अपुरा आहे

शोध सुरू करण्यापूर्वी एक कोरी स्प्रेडशीट उघडावी आणि तिच्यात चार रकाने करावेत. पहिल्यात कंपनीचे कायदेशीर नाव आणि तिची नोंदणी कोणत्या देशात आहे ते लिहावे. दुसऱ्यात मूळ समूहाचा हिस्सा टक्क्यांत, तिसऱ्यात ताबा कोणाकडे आहे ते, आणि चौथ्यात ही माहिती कोणत्या तारखेची आहे ते लिहावे. वाहिनीचे, ॲपचे किंवा उद्यानाचे नाव हवे तर पाचव्या रकान्यात असू द्यावे. पण सुरुवात त्यापासून करू नये, कारण ठळक अक्षरांतले नाव एकाचे आणि कंपनी दुसऱ्याची, हा या धंद्यातला नित्याचा प्रकार आहे.

मराठी प्रेक्षकांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. भारत सरकारने 2003 मध्ये वृत्तवाहिन्यांतील परकीय गुंतवणुकीवर 26 टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा ‘स्टार न्यूज’ चालवण्यासाठी मीडिया कंटेंट अँड कम्युनिकेशन्स सर्व्हिसेस ही कंपनी पुढे आली. तिच्यात कोलकात्याच्या आनंदबझार पत्रिका समूहाचा हिस्सा 74 टक्के, तर स्टारचा 26 टक्के होता. 2007 मध्ये सुरू झालेली ‘स्टार माझा’ ही वाहिनीसुद्धा याच कंपनीची. म्हणजे पडद्यावर तारा झळकत असला तरी तीन-चतुर्थांश कंपनी बंगाली वृत्तपत्रसमूहाची होती. 2012 मध्ये स्टारने अंग काढून घेतले, नाव वापरण्याची मुभा संपली आणि वाहिनी ‘एबीपी माझा’ झाली. त्या दिवशी मालक बदलला असे ज्यांना वाटले, त्यांनी बोधचिन्ह पाहिले होते, भागधारकांची यादी नव्हे.

मूळ कंपनीचा वार्षिक अहवाल

अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक अमेरिकी कंपनीला तेथील रोखे नियामकाकडे, म्हणजे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनकडे, ‘फॉर्म 10-के’ हा वार्षिक अहवाल द्यावा लागतो. ‘एडगर’ नावाच्या संकेतस्थळावर तो कोणालाही विनामूल्य वाचता येतो. कंपन्या आपल्या संकेतस्थळावर भागधारकांसाठी रंगीत छायाचित्रांसह जी पुस्तिका ठेवतात ती या कामासाठी घेऊ नये; साध्या टंकातला, कंटाळवाणा दिसणारा 10-के अहवालच उघडावा.

एडगरवर नुसते ‘डिस्ने’ असे शोधले की पहिली अडचण येते. फॉक्सच्या खरेदीच्या वेळी डिस्नेने वर एक नवी मूळ कंपनी उभी केली. ती आधी टीडब्ल्यूडीसी होल्डको 613 कॉर्प या रुक्ष नावाने अस्तित्वात होती आणि मार्च 2019 मध्ये तिलाच ‘द वॉल्ट डिस्ने कंपनी’ हे नाव मिळाले. जुनी डिस्ने तिची उपकंपनी झाली आणि टीडब्ल्यूडीसी एंटरप्रायझेस 18 कॉर्प या नावाने उरली. त्यामुळे 2019 पूर्वीचे अहवाल 1001039 या नोंदणी क्रमांकाखाली, तर नंतरचे 1744489 या क्रमांकाखाली सापडतात. दहा-पंधरा वर्षांचा आलेख काढणाऱ्याने दोन्ही क्रमांक लिहून ठेवावेत. नाहीतर अर्धा इतिहास गायब झाल्यासारखा वाटतो.

डिस्नेचे आर्थिक वर्ष सप्टेंबरअखेरीच्या सुमारास येणाऱ्या शनिवारी संपते. 2024 चे वर्ष 28 सप्टेंबर 2024 रोजी संपले. भारतीय कंपन्यांचे वर्ष मार्चअखेर संपत असल्याने, डिस्नेच्या अहवालातला आकडा आणि भारतीय उपकंपनीच्या ताळेबंदातला आकडा शेजारीशेजारी ठेवून तुलना करू नये. दोहोंत सहा महिन्यांचे अंतर आहे.

अहवाल पहिल्या पानापासून अखेरपर्यंत वाचण्याची गरज नाही. पहिल्या विभागात व्यवसायाचे वर्णन असते आणि कोणत्या उपक्रमात किती टक्के हिस्सा आहे, हे तेथे साध्या वाक्यांत सांगितलेले असते. उदाहरणार्थ, नॅशनल जिओग्राफिकच्या वाहिन्या चालवणाऱ्या भागीदारीत डिस्नेचा हिस्सा 73 टक्के आहे आणि ए अँड ई नेटवर्क्समध्ये हर्स्ट समूहाच्या जोडीने 50 टक्के आहे, हे येथेच कळते. त्यानंतर थेट आर्थिक विवरणांच्या टिपांकडे वळावे. गुंतवणुकी, खरेदी-विक्रीचे व्यवहार, संपादित कंपन्यांच्या ‘गुडविल’मध्ये (म्हणजे खरेदीच्या वेळी त्यांच्या निव्वळ मालमत्तेच्या मूल्याहून जास्त मोजलेल्या रकमेत) केलेली घट आणि भौगोलिक विभागणी या चार टिपा आपल्या कामाच्या. गुडविलच्या टिपेकडे लोक सहसा फिरकत नाहीत, पण एखादी परदेशी मालमत्ता मूळ कंपनीला नकोशी झाली असेल तर त्याची चाहूल तेथेच लागते. मार्च 2024 मध्ये संपलेल्या तिमाहीत डिस्नेने स्टार इंडिया आणि पारंपरिक मनोरंजन वाहिन्या यांच्या गुडविलमध्ये मिळून सुमारे 2 अब्ज डॉलरची घट दाखवली. रिलायन्सशी करार होऊन तेव्हा जेमतेम महिना-दोन महिने झाले होते.

अहवालाला ‘एक्झिबिट 21’ नावाचे परिशिष्ट जोडलेले असते. त्यात उपकंपन्यांची नावे आणि नोंदणीचा देश किंवा राज्य दिलेले असते. ही यादी हाती लागली की काम संपले असा समज होतो, पण तो चुकीचा आहे. ज्या उपकंपन्या एकत्र धरूनही फारशा महत्त्वाच्या नाहीत त्यांना वगळण्याची मुभा नियमातच आहे. शिवाय ही यादी केवळ उपकंपन्यांची असते. ज्या कंपनीत हिस्सा आहे पण ताबा नाही, अशी कंपनी या यादीत येत नाही. विलीनीकरणानंतरची जिओस्टार या परिशिष्टात शोधणारा म्हणूनच रिकाम्या हाताने परततो.

हिस्सा आणि ताबा

या सगळ्या कामात सर्वाधिक चुका होतात त्या येथे. पन्नास टक्क्यांहून अधिक हिस्सा म्हणजे मालकी आणि त्याहून कमी म्हणजे नुसती गुंतवणूक, हा व्यवहारातला ठोकताळा डिस्नेच्या बाबतीत साफ कोलमडतो.

शांघाय डिस्ने रिसॉर्टमध्ये डिस्नेचा हिस्सा 43 टक्के आहे. उरलेले 57 टक्के शांघाय शेंडी या सरकारी समूहाकडे आहेत. हाँगकाँगच्या उद्यानात डिस्नेचा हिस्सा 48 टक्के असून बहुमत तेथील सरकारचे आहे. तरीही या दोन्ही उद्यानांचे संपूर्ण उत्पन्न, संपूर्ण खर्च आणि संपूर्ण मालमत्ता डिस्नेच्या ताळेबंदात शंभर टक्के धरली जाते. याचे कारण व्यवस्थापनाच्या करारांत आहे. शांघायचे उद्यान ज्या व्यवस्थापन कंपनीकडे आहे तिच्यात डिस्नेचा वाटा 70 टक्के आहे, आणि हाँगकाँगचे व्यवस्थापन डिस्नेची उपकंपनी पाहते. अमेरिकी लेखापद्धतीत अशा ठिकाणी मतांची टक्केवारी निर्णायक नसते. महत्त्वाचे निर्णय कोण घेतो आणि त्यातून होणाऱ्या नफ्या-तोट्याचा मोठा भार कोणावर पडतो, हे पाहिले जाते. भागीदाराचा वाटा मग ताळेबंदाच्या तळाशी ‘नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्ट’ या एका ओळीत वेगळा काढला जातो. ती ओळ शोधायची सवय लावून घ्यावी. समूहाच्या नावावर दिसणाऱ्या मालमत्तेतले परक्यांचे किती, हे ती सांगते.

याउलट भारतातल्या संयुक्त उपक्रमात 36.84 टक्के हिस्सा असूनही डिस्ने त्याचे उत्पन्न आपल्या उत्पन्नात धरत नाही. ‘इक्विटी पद्धती’ने नफ्या-तोट्यातला केवळ आपला वाटा एका ओळीत दाखवते. आणि टोकियो डिस्ने रिसॉर्टचे प्रकरण तर निराळेच आहे. 1983 पासून लाखो लोक जे उद्यान डिस्नेचे म्हणून पाहत आले, त्यात डिस्नेचा मालकीहक्कच नाही. ते ओरिएंटल लँड या जपानी कंपनीचे आहे आणि डिस्नेला तेथून स्वामित्वशुल्क मिळते. पॅरिसचे उद्यान मात्र 2017 पासून पूर्णपणे डिस्नेचे आहे. एकच नाव, एकच किल्ला, पण चार ठिकाणी मालकीचे तीन प्रकार. म्हणून स्प्रेडशीटमध्ये ताब्याचा रकाना हिश्श्याच्या रकान्यापासून वेगळा ठेवावा आणि त्यात ‘पूर्ण एकत्रीकरण’, ‘इक्विटी पद्धत’ किंवा ‘फक्त परवाना’ यांपैकी एक नोंद करावी.

त्रेसष्ट, छप्पन्न की एकोणपन्नास?

14 नोव्हेंबर 2024 रोजी विलीनीकरण पूर्ण झाले तेव्हा नव्या कंपनीतले वाटे असे जाहीर झाले : रिलायन्स इंडस्ट्रीज 16.34 टक्के, व्हायाकॉम18 46.82 टक्के आणि डिस्ने 36.84 टक्के. व्हायाकॉम18 रिलायन्सच्याच ताब्यात असल्याने पहिल्या दोन आकड्यांची बेरीज करून रिलायन्सचा हिस्सा 63.16 टक्के असल्याचे अनेक ठिकाणी छापून आले. डिस्नेच्या अहवालात मात्र रिलायन्सचा प्रभावी हिस्सा 56 टक्के, स्वतःचा 37 टक्के आणि एका तिसऱ्या गुंतवणूक कंपनीचा 7 टक्के दिला आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. ते कसे जुळतात हे एकदा कागदावर करून पाहावे, म्हणजे साखळीतून आलेली मालकी मोजायची कशी हे कायमचे समजते.

व्हायाकॉम18 ही पूर्णपणे रिलायन्सची नव्हती. तिच्यातली अमेरिकी भागीदार पॅरामाउंट हिने आपले 13.01 टक्के रिलायन्सला विकल्यानंतर तिच्यात रिलायन्सचे थेट 70.49 टक्के, नेटवर्क18 चे 13.54 टक्के आणि बोधी ट्री सिस्टिम्सचे 15.97 टक्के उरले. साखळीतल्या मालकीचा नियम गुणाकाराचा आहे. 46.82 ला 70.49 टक्क्यांनी गुणले की 33.00 येतात; त्यात थेट 16.34 मिळवले की 49.34 होतात, म्हणजे निम्म्याहूनही कमी. नेटवर्क18 च्या वाटेने 6.34 येतात, नेटवर्क18 रिलायन्स समूहाची म्हणून ते पूर्ण धरले तर बेरीज 55.68, म्हणजेच डिस्नेने दिलेले 56. उरलेले 7.48 बोधी ट्रीचे. डिस्नेच्या अहवालातली ‘तिसरी गुंतवणूक कंपनी’ हीच. नेटवर्क18 मध्येही बाहेरचे भागधारक आहेत. ते वजा केले तर रिलायन्सच्या भागधारकांच्या पदरात पडणारा खरा वाटा 56 हून आणखी खाली येतो.

थोडक्यात, मतांच्या जोराचा प्रश्न असेल तर 63.16 योग्य, कारण व्हायाकॉम18 ची सगळी मते रिलायन्सच्या इच्छेने पडतात. नफ्यातल्या वाट्याचा प्रश्न असेल तर गुणाकार करावा लागतो. बातमी लिहिताना आकडा कोणताही घ्यावा, पण तो कोणत्या पद्धतीने काढला आहे हे त्याच वाक्यात सांगावे. (बोधी ट्री उभी केली ती जेम्स मर्डोक आणि उदय शंकर यांनी. पित्याच्या समूहाने डिस्नेला विकलेल्या स्टारमध्ये पुत्र असा मागच्या दाराने पुन्हा आला. माध्यमांच्या मालकीचा माग काढताना तीच माणसे फिरून भेटतात, तेव्हा नावांचाही एक रकाना असलेला बरा.)

भारतीय बाजूची कागदपत्रे

अमेरिकी अहवाल वरून खाली पाहतो. भारतीय नोंदी खालून वर पाहायला उपयोगी पडतात. सुरुवात माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या परवानाप्राप्त खासगी उपग्रह वाहिन्यांच्या यादीपासून करावी. तिच्यात वाहिनीच्या नावासमोर परवानाधारक कंपनीचे नाव, भाषा आणि वाहिनी बातम्यांची आहे की बिगरबातम्यांची, हे दिलेले असते. हे वर्गीकरण महत्त्वाचे आहे, कारण बिगरबातम्यांच्या वाहिनीत शंभर टक्के परकीय गुंतवणूक चालते, वृत्तवाहिनीत सरकारी मंजुरीने 49 टक्क्यांपर्यंत, तर वृत्तपत्रे आणि डिजिटल बातम्यांत 26 टक्क्यांपर्यंतच. डिस्नेकडे भारतात मनोरंजनाच्या आणि क्रीडेच्या वाहिन्यांचा ताफा असताना एकही वृत्तवाहिनी का नव्हती, याचे निदान अर्धे उत्तर या मर्यादांत आहे.

कंपनीचे नाव मिळाले की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर जावे. कंपनीची मूलभूत माहिती तेथे फुकट दिसते. 21 अक्षर-अंकांचा कॉर्पोरेट ओळख क्रमांक वाचायला शिकून घ्यावे : पहिले अक्षर कंपनी बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगते, पुढचे पाच अंक उद्योगाचा प्रकार, त्यानंतरची दोन अक्षरे राज्य, पुढे स्थापनेचे वर्ष, कंपनीचा प्रकार आणि शेवटी नोंदणी क्रमांक. नाव बदलले तरी वर्ष आणि नोंदणी क्रमांक सहसा तसेच राहतात. स्टार इंडिया प्रायव्हेट लिमिटेडची जिओस्टार इंडिया प्रायव्हेट लिमिटेड झाली, तेव्हा कंपनी नवी जन्मली नाही, जुन्याच कंपनीला नवे नाव मिळाले. त्यामुळे जुने कागद शोधताना जुने नाव विसरून चालत नाही.

शंभर रुपये शुल्क भरले की कंपनीने दाखल केलेली कागदपत्रे उघडता येतात. त्यांत वार्षिक विवरण, म्हणजे एमजीटी-7, आधी पाहावे. भागधारकांची यादी त्याला जोडलेली असते. यादीत बहुधा मूळ कंपनीचे नाव सापडत नाही. मॉरिशस, नेदरलँड्स, ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स अशा ठिकाणच्या मधल्या कंपन्यांची नावे सापडतात आणि नवखा माणूस तेथे थबकतो. थबकण्याचे कारण नाही. ती नावे जशीच्या तशी एडगरच्या पूर्ण मजकूर शोधात घालून पाहावीत. परिशिष्टात किंवा एखाद्या जुन्या करारात ती भेटली, तर साखळीचा पुढचा दुवा मिळतो. वित्तीय विवरणांसाठी एओसी-4 हा अर्ज पाहावा. भारतीय समूहाच्या बाजूने शोधत असाल तर त्याच्या वार्षिक अहवालातले एओसी-1 हे विवरण उघडावे. उपकंपन्या, सहयोगी कंपन्या आणि संयुक्त उपक्रम त्यात टक्केवारीसह असतात आणि रिलायन्ससारख्या समूहात ती यादी पानेच्या पाने चालते.

मोठ्या व्यवहारासाठी भारतीय स्पर्धा आयोगाच्या आदेशाइतका उपयुक्त कागद दुसरा नाही. रिलायन्स-डिस्ने व्यवहाराला आयोगाने 28 ऑगस्ट 2024 रोजी, पक्षांनी स्वेच्छेने देऊ केलेल्या बदलांसह मंजुरी दिली. त्या प्रकरणात रिलायन्स, व्हायाकॉम18, डिजिटल18 मीडिया आणि स्टार इंडिया यांच्याबरोबर स्टार टेलिव्हिजन प्रॉडक्शन्स लिमिटेड ही परदेशी नोंदणीची कंपनीही पक्षकार होती. बातम्यांच्या मथळ्यांत तिचे नाव क्वचितच दिसले. आयोगाच्या आदेशांत बाजारपेठेचे वाटे बहुधा पल्ल्याच्या रूपात, काही आकडे झाकून दिलेले असतात. पण कोणती कंपनी कोणाची, हे मात्र स्वच्छ लिहिलेले असते. विलीनीकरणाची योजना राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढेही जाते. तिथल्या आदेशात कोणता विभाग कोणत्या कंपनीत गेला हे तपशीलवार मिळते.

इतर देश

ब्रिटनमध्ये ‘कंपनीज हाउस’ची सगळी कागदपत्रे विनामूल्य उतरवून घेता येतात आणि 25 टक्क्यांहून अधिक नियंत्रण असणाऱ्यांची नोंद 2016 पासून तेथे सक्तीची आहे. नेदरलँड्सच्या व्यापार नोंदणीतला उतारा पैसे देऊन मिळतो. एकच भागधारक असेल तर त्याचे नाव त्यात असते, अनेक असतील तर नसते. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याची नोंद फारशी कामाची नाही : कंपनीचे नाव, स्थापनेची तारीख आणि नोंदणीकृत प्रतिनिधी एवढेच मिळते, भागधारक मिळत नाहीत. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सचीही तीच गत. अशा ठिकाणी वेळ घालवण्यापेक्षा साखळीच्या दोन्ही टोकांकडून, म्हणजे मूळ कंपनीच्या अहवालातून आणि शेवटच्या उपकंपनीच्या भागधारक यादीतून, मधल्या गाळलेल्या जागेकडे यावे.

नोंद अद्ययावत ठेवणे

वार्षिक अहवाल वर्षातून एकदाच येतो; मधल्या काळातल्या घडामोडींसाठी तिमाहीचा 10-क्यू आणि महत्त्वाच्या घटनेनंतर चार कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागणारा 8-के हे दोन अर्ज पाहावेत. एडगरवर कंपनीनिहाय सूचनेची सोय आहे, ती एकदा लावून ठेवली की वारंवार तपासावे लागत नाही. करार झाल्याची, नियामकाने मंजुरी दिल्याची आणि व्यवहार पूर्ण झाल्याची अशा तीन तारखा वेगवेगळ्या लिहाव्यात. डिस्ने-रिलायन्स प्रकरणात त्या अनुक्रमे 28 फेब्रुवारी, 28 ऑगस्ट आणि 14 नोव्हेंबर 2024 अशा आहेत. मधल्या साडेआठ महिन्यांत स्टार इंडिया डिस्नेचीच होती, जरी फेब्रुवारीच्या अखेरीपासूनच तिला ‘रिलायन्सची’ म्हणण्याची घाई सुरू झाली होती. मालकीची जुनी ओळ खोडू नये. तिच्यापुढे समाप्तीची तारीख घालावी आणि नवी ओळ खाली जोडावी. पुढे एखाद्या जुन्या बातमीचा, करमणूककराच्या वादाचा किंवा प्रसारणहक्कांच्या दाव्याचा संदर्भ लावायची वेळ येते, तेव्हा त्या दिवशी कंपनी कोणाची होती हेच विचारले जाते.